गेमचं पोर्ट ‘ब्लॉक’ आहे म्हणजे नेमकं काय? अडथळा कुठे आहे, हे कसं शोधायचं?

घरच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू केला, व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्ता टाकला आणि पाच मिनिटांत मित्रांचे स्क्रीनशॉट यायला लागले: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. हा प्रकार नवा नाही. त्यावर येणारे सल्लेही ठरलेले असतात. पोर्ट उघड. फायरवॉल बंद कर. राउटर बदल. पहिला सल्ला काही वेळा बरोबर ठरतो, दुसरा जवळजवळ नेहमी घातक असतो आणि तिसऱ्यापायी बरेचदा पैसे वाया जातात.

‘पोर्ट ब्लॉक आहे’ ही तक्रार एकच असली, तरी ते अडण्याच्या जागा निदान पाच आहेत: खुद्द सर्व्हरचा प्रोग्राम, कॉम्प्युटरची फायरवॉल, घरातला राउटर, इंटरनेट देणारी कंपनी आणि समोरच्या खेळाडूचं नेटवर्क. यातली नेमकी कोणती, हे एकही सेटिंग न बदलता शोधता येतं. ते न करता सगळीकडे बटणं दाबत सुटणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. वर घराचं दार उघडं राहतं ते वेगळंच.

पोर्ट म्हणजे काय?

आयपी ॲड्रेस हा सोसायटीचा पत्ता मानला, तर पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. एकाच कॉम्प्युटरवर ब्राउझर, गेम, व्हिडिओ कॉल असे अनेक प्रोग्राम एकाच वेळी इंटरनेट वापरत असतात. आलेला डेटा त्यांतल्या कोणाला द्यायचा, हे पोर्टच्या आकड्यावरून ठरतं. हे आकडे ० ते ६५५३५ असतात. वेबसाइट साधारणपणे ४४३ वर चालतात. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर ठरावीकपणे २५५६५ वर ऐकत असतो, तर मोबाइल आणि कन्सोलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीचा १९१३२ वर.

आकड्याइतकंच महत्त्वाचं असतं ते प्रोटोकॉलचं नाव. डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत, टीसीपी आणि यूडीपी. टीसीपीमध्ये आधी दोन्ही बाजूंची ओळख होते आणि मग बोलणं सुरू होतं; यूडीपीमध्ये थेट पाकीट फेकलं जातं, पोहोचल्याची पावती मागितली जात नाही. जावा आवृत्तीचं २५५६५ हे टीसीपी आहे, बेडरॉकचं १९१३२ हे यूडीपी. राउटरमध्ये आकडा बरोबर आणि प्रोटोकॉल चुकीचा टाकला, तर दार उघडलंच नाही असं समजायचं. आणि या दोन आवृत्त्या मुळात एकमेकींशी बोलत नाहीत. जावा सर्व्हरला मोबाइलवरून जोडू पाहणाऱ्या मित्राची अडचण पोर्टची नसतेच. त्यासाठी सर्व्हरवर ‘गायझर’सारखा दुभाषा प्रोग्राम बसवावा लागतो.

पोर्ट उघडायची गरज कोणाला असते?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर खेळायला जाणाऱ्याला आपल्या घरी कुठलंही पोर्ट उघडावं लागत नाही. घरातून बाहेर जाणारं कनेक्शन राउटर बिनबोभाट सोडतो आणि त्याचं उत्तर आलं की योग्य कॉम्प्युटरकडे पोहोचवतो. बाहेरच्या कोणीतरी आपणहून आत यायचं असेल, तेव्हाच प्रश्न येतो, कारण ते पाकीट घरातल्या कोणत्या कॉम्प्युटरला द्यायचं हे राउटरला माहीत नसतं. म्हणजे पोर्ट उघडायचं ते सर्व्हर चालवणाऱ्याने.

म्हणून गेम कंपनीच्या अधिकृत सर्व्हरला जोडताना अडचण आली, तर आधी त्या कंपनीचं स्टेटस पेज बघावं. सर्व्हरच बंद असेल तर घरच्या राउटरने काय करावं?

कन्सोलवरच्या काही गेममध्ये मात्र खेळाडूंची मशिन्स थेट एकमेकांशी बोलतात. तिथे एक्सबॉक्स ‘ओपन’, ‘मॉडरेट’, ‘स्ट्रिक्ट’ आणि प्लेस्टेशन ‘टाइप १’, ‘२’, ‘३’ अशी नॅटची प्रतवारी दाखवतं. ‘स्ट्रिक्ट’ किंवा ‘टाइप ३’ असेल तर पार्टी चॅट किंवा लॉबी जुळायला त्रास होतो. एक्सबॉक्स यासाठी यूडीपी ३०७४ वापरतं.

स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा

एरर मेसेज हा निदानाचा अर्धा भाग असतो, आणि तो न वाचताच बहुतेक जण पुढे जातात.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ याचा अर्थ पाकीट कुठल्या तरी मशिनपर्यंत पोहोचलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून स्पष्ट नकार आला. दार वाजवलं, आतून ‘इथे कोणी राहत नाही’ असं उत्तर मिळालं. अशा वेळी सर्व्हर सुरू आहे का आणि पोर्टचा आकडा तोच आहे का, हे आधी बघावं. काही फायरवॉलही असा नकार देतात, पण घरगुती सेटअपमध्ये कारण बहुधा साधंच निघतं.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. पाकीट वाटेत कोणीतरी गिळलं. फायरवॉल, राउटर आणि कंपनीचं नेटवर्क नको असलेली पाकिटं सहसा अशी गुपचूप टाकून देतात. पोर्ट अडल्याचं हे खरं लक्षण.

‘अननोन होस्ट’ म्हणजे नावावरून पत्ताच सापडला नाही. इथे पोर्टपर्यंत गाडी गेलेलीच नसते. नावाचं स्पेलिंग किंवा डीएनएस तपासावं.

आवृत्ती जुनी आहे किंवा तुमचं नाव व्हाइटलिस्टमध्ये नाही असा संदेश आला, तर पोर्टचा विषय तिथेच संपवावा. हे उत्तर सर्व्हरने स्वतः दिलेलं असतं. म्हणजे वाट मोकळी आहे. तसंच, अर्धा तास खेळल्यावर मध्येच बाहेर फेकलं जाणं हाही पोर्टचा दोष नव्हे. तिथे संशय वायफायवर किंवा सर्व्हरवरच्या ताणावर घ्यावा.

एक इशारा ‘पिंग’बद्दल. पत्त्याला पिंग लागला म्हणून पोर्ट उघडं आहे असं होत नाही, आणि पिंग लागला नाही म्हणून बंद आहे असंही नाही. पिंगला पोर्ट नावाची गोष्टच ठाऊक नसते.

आतून बाहेर: तीन चाचण्या

अडथळ्याची जागा शोधायची सोपी रीत म्हणजे सर्व्हरपासून सुरुवात करून एकेक पाऊल बाहेर येणं. तिन्ही चाचण्यांच्या वेळी सर्व्हर सुरू हवा.

पहिली चाचणी त्याच कॉम्प्युटरवर. ज्या मशिनवर सर्व्हर चालू आहे, तिथेच गेम उघडून पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ किंवा १२७.०.०.१ टाकायचं. इथेच जोडणी झाली नाही तर फायरवॉल, राउटर, कंपनी सगळे निर्दोष. गडबड सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये आहे. सर्व्हरच्या काळ्या खिडकीत ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ अशी ओळ दिसत असेल, तर ते पोर्ट आधीच कोणीतरी अडवून बसलं आहे. बहुतेक वेळा तो आधी नीट बंद न झालेला जुना सर्व्हरच असतो. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्कच्या टॅबखाली ‘लिसनिंग पोर्ट्स’ अशी यादी असते. तिथे कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर ऐकतोय ते दिसतं. हीच ओळ येण्याचं दुसरं कारण म्हणजे सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये ‘सर्व्हर-आयपी’पुढे घराचा बाहेरचा पत्ता भरून ठेवलेला असणं. तो पत्ता राउटरचा असतो, कॉम्प्युटरचा नव्हे. ती जागा रिकामी ठेवायची असते.

दुसरी चाचणी घरातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, त्याच वायफायवर. पत्ता टाकायचा तो सर्व्हरच्या मशिनचा आतला, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ लिहिलं की तो दिसतो. दुसऱ्या मशिनवर गेम नसेल तर विंडोजच्या पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवावी. ती टीसीपी पोर्ट लागलं की नाही, ते ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असं सांगते. पहिली चाचणी पास आणि दुसरी नापास, तर बोट फायरवॉलकडे जातं. फक्त दुसरं मशिन ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना, एवढं बघून घ्यावं. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं घरातल्या इतर उपकरणांपासून मुद्दाम तोडलेली असतात.

तिसरी चाचणी बाहेरून. एखाद्या मित्राला सांगावं किंवा लॅपटॉपला मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट जोडावा, आणि घराचा बाहेरचा पत्ता वापरून बघावा. घरच्या वायफायवरूनच बाहेरचा पत्ता टाकून ही चाचणी करू नये. स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावरून वळसा घालून पुन्हा आत येणं अनेक राउटरना जमत नाही. त्यामुळे मित्रांना सर्व्हर लागतो आणि खुद्द मालकाला लागत नाही, असा गमतीचा प्रकार होतो. पहिल्या दोन चाचण्या पास आणि ही नापास, तर अडथळा राउटरमध्ये आहे किंवा त्याच्याही पलीकडे.

फायरवॉल: बंद नको, नियम सुधारा

सर्व्हर पहिल्यांदा चालवला की विंडोज एक चौकट दाखवून परवानगी विचारतं. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं गेलं, तर विंडोज त्या प्रोग्रामला अडवणारा नियम स्वतःच तयार करून ठेवतं. पुढे कोणी २५५६५ साठी परवानगीचा नवा नियम टाकला तरी उपयोग होत नाही, कारण अडवणारा नियम परवानगी देणाऱ्यावर मात करतो. ‘मी पोर्ट उघडलंय तरी चालत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. विंडोज फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘इनबाउंड रूल्स’ उघडावेत आणि जावाच्या नावाचे लाल खूण असलेले नियम शोधून काढून टाकावेत.

दुसरी मेख प्रोफाइलची. विंडोज नव्या नेटवर्कला बहुधा ‘पब्लिक’ समजतं, आणि परवानगी दिलेली असते फक्त ‘प्रायव्हेट’ला. घरच्या वायफायचा प्रकार बदलून ‘प्रायव्हेट’ केला की काम होतं. तिसरी गोष्ट, नियम प्रोग्रामच्या जागेवरून ओळखला जातो. जावाची नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसली की जुना नियम तिला लागू होत नाही. काल चालणारा सर्व्हर आज अडतो. आणि ॲंटीव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असेल, तर तिच्यातही बघावं लागतं.

राउटर: पोर्ट फॉरवर्डिंग

राउटरला सांगायचं एवढंच असतं की २५५६५ वर येणारं टीसीपी पाकीट अमुक कॉम्प्युटरला द्यावं. ही सोय कुठे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, कुठे ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ अशा नावाने असते. ‘आयपीकॉन्फिग’मध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसणारा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं.

चार दिवस चालून बंद पडणाऱ्या फॉरवर्डिंगचं कारण ठरलेलं आहे. राउटर घरातल्या कॉम्प्युटरला आतला पत्ता तात्पुरता देतो. तो बदलला की नियम रिकाम्या खोलीकडे बोट दाखवत राहतो. त्या कॉम्प्युटरसाठी पत्ता राखून ठेवणं हा त्यावरचा उपाय, आणि बहुतेक राउटरमध्ये ती सोय असते. घरात कंपनीने दिलेला एक आणि स्वतः आणलेला दुसरा, असे दोन राउटर एकापुढे एक असतील, तर नियम दोन्हींत लागतो. नाहीतर एकाला ‘ब्रिज’ मोडमध्ये टाकावं.

गेमच्या ‘ओपन टू लॅन’ या सोयीने जग उघडलं, तर पोर्ट २५५६५ नसतं. आपण निवडलं नाही तर दर वेळी नवा आकडा मिळतो आणि तो चॅटमध्ये दिसतो. कालच्या आकड्यावर केलेलं फॉरवर्डिंग आज फुकट.

राउटरच्या पलीकडे: सीजीनॅट

सगळं बरोबर करूनही तिसरी चाचणी नापास होत असेल, तर एक तुलना करावी. राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखाली एक पत्ता असतो. दुसरा पत्ता ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या वेबसाइटवर दिसतो. हे दोन सारखे असतील तर ठीक. वेगळे असतील, आणि विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर ते घर सीजीनॅटमागे आहे.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्तेच आहेत ४,२९,४९,६७,२९६. जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. त्यानंतर आलेल्या ग्राहकांना कंपन्यांनी एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं अशा पद्धतीने बसवायला सुरुवात केली. अशा सामायिक वापरासाठीच एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा टापू राखून ठेवण्यात आला. भारतातला मोबाइल डेटा आणि कित्येक ब्रॉडबँड जोडण्या अशाच चालतात.

ही बातमी कोणी लवकर सांगत नाही, पण सीजीनॅटमागे घरच्या राउटरमधलं फॉरवर्डिंग निरुपयोगी असतं. आपल्या फ्लॅटचं दार उघडं, पण सोसायटीचं मेन गेट बंद आणि त्याची किल्ली कंपनीकडे. राउटर बदलूनही त्यात फरक पडत नाही.

मार्ग मात्र आहेत. कंपनीकडे सार्वजनिक किंवा स्थिर आयपी मागता येतो. अनेक कंपन्या त्यासाठी जादा पैसे घेतात आणि काही घरगुती ग्राहकांना तो देतच नाहीत. ओळखीच्या चारपाच जणांतच खेळायचं असेल, तर ‘टेलस्केल’ किंवा ‘झीरोटियर’ हा सगळ्यात बरा पर्याय. सगळ्यांनी तो प्रोग्राम बसवला की एक खासगी नेटवर्क तयार होतं आणि कुठलंही पोर्ट जगासाठी उघडावं लागत नाही. पोर्ट उघडणं शक्य असलेल्यांनीही आधी याचाच विचार करावा. ‘प्लेइट’सारख्या टनेल सेवा दुसऱ्या ठिकाणचं दार वापरायला देतात, त्यात थोडा वेग जातो. माइनक्राफ्टची स्वतःची ‘रिअल्म्स’ ही सशुल्क सेवा घेतली, तर सर्व्हर आपल्या घरी नसतोच.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे तिथे सीजीनॅटचा प्रश्न येत नाही. पण राउटरची फायरवॉल तिथेही आत येणारं अडवते आणि खेळायला येणाऱ्या प्रत्येकाकडे तो पत्ता असावा लागतो. एकाकडे नसला की ग्रुप पुन्हा पहिल्या प्रश्नावर.

पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइटवर किती विश्वास ठेवावा?

टीसीपीसाठी त्या कामाच्या आहेत, पण दोन अटींवर. तपासताना सर्व्हर सुरू हवा. ऐकणारा प्रोग्रामच नसेल तर फॉरवर्डिंग बरोबर असूनही ‘क्लोज्ड’ असंच उत्तर येतं, आणि मग माणूस बरोबर असलेली सेटिंग्ज बदलायला लागतो. दुसरं, यूडीपी पोर्ट अशा साइटवर नीट तपासता येत नाही, कारण तिथे पावतीच नसते. बेडरॉकचं १९१३२ ‘क्लोज्ड’ दाखवलं म्हणून घाबरू नये. बाहेरच्या मित्राला जोडायला सांगणं हीच खरी तपासणी.

कॉलेज, होस्टेल, ऑफिस

घरातून लागणारा गेम होस्टेलच्या वायफायवर लागत नसेल, तर अडथळा उलट दिशेचा असतो. अशा नेटवर्कवर बाहेर जाणाऱ्या पोर्टवरही बंधन असतं, बरेचदा वेबसाइटपुरती ८० आणि ४४३ एवढीच वाट मोकळी ठेवलेली असते. खात्री करायला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेसा आहे. त्यावर गेम लगेच लागला, तर लॅपटॉपमध्ये काही शोधत बसू नये. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना गेमचं नाव, पोर्ट आणि प्रोटोकॉल लिहून विनंती करता येते. व्हीपीएनने ही बंधनं चुकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो संस्थेच्या नियमांत बसत नसेल तर प्रकरण गेमपुरतं राहत नाही.

उघडलेल्या दारातून कोण येतं?

पोर्ट मित्रांसाठी उघडलं, तरी ते उघडतं सगळ्या जगाला. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक चाचपत जाणारे स्वयंचलित प्रोग्राम सतत फिरत असतात आणि २५५६५ हा आकडा त्यांच्या ओळखीचा आहे. पत्ता ग्रुपबाहेर कोणाला सांगितला नाही, यात फारसं संरक्षण नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीला आलेली ‘लॉगफोरशेल’ ही त्रुटी याचं सगळ्यात ठळक उदाहरण. जावा प्रोग्राममध्ये नोंदी ठेवायला वापरल्या जाणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या घटकात ती होती. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाकला की सर्व्हरच्या मशिनवर हल्लेखोराला हवा तो प्रोग्राम चालवता येत होता. १० डिसेंबर रोजी १.१८.१ ही दुरुस्त आवृत्ती आली, पण अपडेट न केलेले सर्व्हर उघडेच राहिले. घरच्या ज्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालतो, त्यावरच बहुधा बँकेचे पासवर्ड आणि घरच्यांचे फोटोही असतात.

म्हणून ‘फायरवॉल बंद करून बघ’ आणि ‘कॉम्प्युटर डीएमझेडमध्ये टाक’ हे दोन सल्ले टाळावेत. डीएमझेडमध्ये टाकलं की राउटर बाहेरून येणारं सगळंच, सगळ्या पोर्टवरचं, त्या एका मशिनकडे पाठवतो. एका खिडकीचं काम असताना भिंत पाडण्यासारखं आहे हे. लागेल तेवढं एकच पोर्ट उघडावं, सर्व्हर ताज्या आवृत्तीवर ठेवावा आणि व्हाइटलिस्ट सुरू करून मित्रांचीच नावं त्यात घालावीत. ‘ऑनलाइन-मोड’ हे सेटिंग बंद करू नये. ते बंद केलं की खेळाडूची ओळख पडताळली जात नाही आणि कोणीही सर्व्हरमालकाचं नाव घेऊन, त्याच्याच अधिकारांसह आत येऊ शकतो. सुट्टी संपली, सर्व्हर कोणी वापरत नाही, अशी वेळ आली की राउटरमधला तो नियम काढून टाकावा. पुन्हा लागला तर दोन मिनिटांत टाकता येतो.